रात्रीचे फोटो, घरची माणसं आणि काजवे

(राधानगरी इथं मे महिन्याच्या अखेरीस, काजवे बघायला आलेल्या कुटुंबांसमोर संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे प्रश्न त्या त्या जागी घेतले आहेत.)

मागं आवाज पोचतोय ना? बरं. लहान मुलांना पुढं बसू द्या, त्यांचं काम आहे माझ्याकडं.

आधी एक विचारतो. काजव्यांनी लगडलेल्या झाडाचा तो फोटो मोबाइलवर बघून किती जणांनी गाडी काढली? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. फांदीफांदीवर हिरवट-पिवळे ठिपके, दिवाळीच्या माळा सोडाव्यात तसे. छान असतो तो फोटो, मीही काढतो. पण आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर रात्री नऊ वाजता तुम्ही मला धराल: तसं झाड आज तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही.

म्हणजे फोटो खोटा का? तसंही नाही. कॅमेरा तिपाईवर लावतात, हलू देत नाहीत, आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहतात. साठ फोटो झाले की अर्धा तास झाला. मग घरी कॉम्प्युटरवर ते साठ फोटो एकावर एक रचतात, आणि प्रत्येक ठिकाणी साठांपैकी जो ठिपका सगळ्यात उजळ असेल तोच ठेवतात. एक काजवा अर्ध्या तासात शंभर वेळा चमकला असेल, तर त्याचे शंभर ठिपके. तुम्ही बघता ते अर्ध्या तासाचं साठवण आहे. डोळा असं साठवत नाही, त्याला या क्षणाचंच दिसतं. फोटोखाली कुणी 'अर्ध्या तासाचा प्रकाश' असं लिहिलं तर माझी काहीच तक्रार नाही. लिहीत नाहीत, ही तक्रार आहे.

प्रत्यक्षात दिसतं ते वेगळं असतं. काही झाडांवर सगळे काजवे एका तालात उघडझाप करतात. अख्खं झाड पेटतं, विझतं, पेटतं. हा ताल कुठल्याच एका फोटोत येत नाही. व्हिडिओत थोडा येतो. नुसतं बघितलं तर पूर्ण येतो.

आता फोटोच्या कामाचं बोलू. रात्रीच्या फोटोबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती नीट बसली की बाकीचं तुम्ही स्वतः काढाल. रात्री प्रकाश दोन जातींचा असतो. एक थांबणारा: रस्त्यावरचा दिवा, चंद्र, मावळतीनंतरचं आभाळ, देवळावरची रोषणाई. दुसरा येऊन जाणारा: काजवा, वीज, फटाका, आणि तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश. कॅमेरा या दोघांना एकसारखं वागवत नाही.

असं समजा, अंगणात हजार वाट्या मांडल्यात. वरून बारीक पाऊस पडतोय. वाट्या जितका वेळ उघड्या ठेवाल तितक्या भरतील. हा थांबणारा प्रकाश. आता कुणीतरी गच्चीवरून एका वाटीत चमचाभर पाणी टाकलं. तुम्ही वाट्या दहा सेकंद ठेवा की दहा मिनिटं, त्या चमच्याचे दोन चमचे होणार नाहीत. उलट जास्त वेळ ठेवल्या तर पावसानं सगळ्याच वाट्या भरतील आणि चमचा कुठल्या वाटीत पडला होता तेही कळायचं नाही. हा चमचा म्हणजे काजवा.

कॅमेऱ्यात शटर किती वेळ उघडं आहे, म्हणजे वाट्या किती वेळ मांडल्यात. बरेच जण काजवे फोटोत फिके आले की शटरचा वेळ वाढवतात, दहा सेकंदांचे तीस करतात. त्यानं एकेक काजवा उजळ होत नाही. ठिपके जास्त मिळतात, आणि मागचं आभाळ मात्र उजळत जातं. काजवा उजळ हवा असेल तर दोनच गोष्टी: लेन्सचं छिद्र मोठं करा, म्हणजे एफचा आकडा लहान, १.८ किंवा २.८. आणि आयएसओ वाढवा, १६०० ते ३२००. शटरनं फक्त किती काजवे गोळा करायचे ते ठरतं. काजव्यांच्या फोटोला अमावास्येच्या आसपासचे दिवस का धरतात तेही यातच आलं. चांदणं म्हणजे तो बारीक पाऊस, आणि पौर्णिमेला तो मुसळधार असतो.

(प्रश्न: मोबाइलवर जमतं का? नाइट मोड आहे.)

जमतं, पण नाइट मोडनं बहुतेक नाही. कारण ऐका. २०१८ साली गूगलनं पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट आणलं, पुढच्या वर्षी आयफोन ११ मध्ये नाइट मोड आला, आणि आता जवळपास सगळ्यांकडं तसं काहीतरी आहे. हे मोड एक लांब फोटो घेण्याऐवजी बरेच छोटे फोटो घेतात, एकमेकांवर जुळवतात आणि त्यांची सरासरी काढतात. सगळ्या फोटोंत जे आहे ते टिकतं, एखाद्याच फोटोत आहे ते पुसलं जातं. दाणे घालवायला हे उत्तमच. पण काजवा एखाद्याच फोटोत असतो! फोन त्याला कचरा समजून झाडून टाकू शकतो. तेव्हा कॅमेऱ्यात 'प्रो' असं काही असेल तर ते उघडा, शटर दहा ते तीस सेकंद, आयएसओ १६००, फोकस हातानं. प्रो नसेल तर फोन खिशात ठेवा. हा सल्ला मी चेष्टेनं देत नाही.

फोकसबद्दल एक रडगाणं सांगतो. माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा आम्ही असेच आलो होतो. घरच्यांना सगळ्यांना दम दिला: टॉर्च नाही, बोलायचं नाही, तिपाईजवळ फिरकायचं नाही. मी चाळीस मिनिटं फोटो घेत उभा. पोरगी कंटाळून गाडीत झोपली, तिनं त्या वर्षी काजवे पाहिलेच नाहीत. घरी येऊन बघतो तर फोकस चुकलेला. सगळे काजवे लाडवाएवढे. (हशा) म्हणजे फोटोही नाही आणि बघणंही नाही. बायको अजून काढते तो विषय.

चूक काय झाली होती? मी अंधारात फोकस करायला गेलो होतो. अंधारात कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही, तो पुढंमागं चाचपडत राहतो. झाड उजेडात ठरवायचं. संधिप्रकाशात त्याच्या बुंध्यावर फोकस करायचा, मग ऑटो बंद करून हातावर टाकायचा आणि लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी लावायची. पुन्हा हात लावायचा नाही. त्याच वेळी एक फोटो झाडाचा घेऊन ठेवा, फांद्या ओळखू येतील एवढा. मघाशी म्हटलं त्या रचलेल्या फोटोत फांद्या दिसतात ना, त्या बऱ्याचदा या संध्याकाळच्या फोटोतल्या असतात.

आता फ्लॅशकडं येतो. हे सगळ्यांनी ऐका, ज्यांना फोटो काढायचेच नाहीत त्यांनीही.

प्रकाश अंतराच्या वर्गानं कमी होतो. फ्लॅशपासून एक मीटरवर जेवढा उजेड, दोन मीटरवर त्याच्या पाव, आणि वीस मीटरवर चारशेवा भाग. मोबाइलचा तो छोटा दिवा दोन-तीन मीटरपलीकडं फोटोच्या उपयोगाचा नाही. काजव्यांचं झाड वीस-पंचवीस मीटरवर असणार. म्हणजे तुमच्या फ्लॅशनं फोटोत काहीही होत नाही. झालंच तर पुढच्या गवताची पाती पांढरी होतात आणि मागं काळोख.

पण तोच उजेड काजव्याला मात्र दिसतो. का, ते समजून घ्या. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ल्युसिफरेज नावाचं विकर तो घडवून आणतं, आणि उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाही. नर हा उजेड दाखवत हिंडतो, मादी पानावर किंवा गवतात खाली बसून उत्तर देते. काही जातींच्या मादीला पंखच नसतात, ती कुठं जाऊन शोधणार? जे काय बोलणं आहे ते या उजेडानंच. अळी म्हणून तो कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगायी खात राहतो, आणि पंख फुटल्यावर त्याच्या हातात उरतात दोन-तीन आठवडे. त्यातलेही पाऊस जोरात लागायच्या आधीचे दिवस बरे. एवढ्यात जोडीदार सापडला, अंडी घातली, तर पुढच्या वर्षी काजवे.

मध्येच तुमचा फ्लॅश उडाला तर झाडाचा तेवढा भाग गप्प होतो. तुम्ही बघालच, कुणीतरी उडवतोच. पुन्हा लुकलुक सुरू व्हायला वेळ लागतो. एक फ्लॅश ठीक आहे म्हणू, पण रस्त्यावर शंभर माणसं उभी आहेत, प्रत्येकाचा फोन फ्लॅश 'ऑटो'वर आहे, आणि गाड्या मोठे दिवे लावून वळताहेत. ही रात्रभराची गोष्ट झाली, आणि रात्री मोजक्याच. इथंच नाही, भंडारदऱ्याला, पुरुषवाडीलाही हाच प्रश्न आहे. लोक येतात म्हणून गावाला चार पैसे मिळतात, आणि फार लोक आले की ज्यासाठी येतात तेच विझतं. मी स्वतः फोटो दाखवून लोकांना इकडं बोलावणाऱ्यांतलाच आहे, त्यामुळं यात मला हात झटकता येत नाहीत.

तर आत्ता, इथं बसल्या बसल्या, फोन काढा. फ्लॅश 'ऑटो' नको, 'बंद' करा. स्क्रीनचा उजेड अगदी खाली आणा. कॅमेरे असतील तर फोकस करताना पुढून नारिंगी-लाल किरण टाकणारा एक दिवा असतो, तोही मेनूत जाऊन बंद करा. तो बंद करायचा राहतोच. चालायला टॉर्च लागेल, तर तिच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदर करून रबरबँडनं बांधा. लाल उजेड काजव्यांना फार कमी जाणवतो, आणि तुमच्या डोळ्यांनाही तोच बरा. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघितलं की मीटर परत शून्यावर. रस्ता सोडून गवतात उतरू नका, मादी खालीच असते म्हणून, आणि दुसऱ्या कारणासाठीही, ते नंतर सांगतो.

(प्रश्न: मग घरच्यांचा फोटो काढायचाच नाही का? इतक्या लांब आलोय.)

काढायचा, ताई. काढायचाच! फक्त काजव्यांसमोर नाही. काजवे आणि आजी एका फोटोत येणं अवघड आहे, कारण आजी दिसायला उजेड लागतो आणि काजवा दिसायला अंधार. दोन वेळा ठरवा. एक, सूर्य मावळल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं. आभाळ गडद निळं होतं, पण अजून उजेड असतो. धरणाच्या पाण्याकडं पाठ करून सगळ्यांना उभं करा. हे धरण शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलं, आणि गावाला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. मुलांना फोटो काढता काढता तेवढं सांगा. या वेळेला आभाळ आणि माणसं, दोघांचा उजेड जवळपास जुळतो. आपल्याकडं संधिप्रकाश झटकन संपतो, त्यामुळं 'थांब, पावडर लावून येते' याला वेळ नाही.

दुसरी वेळ परतताना, चहाच्या टपरीवर. काजव्यांपासून लांब आलो की मग उजेडाची लाज नाही. तिथं लोक काय करतात, दिव्याकडं पाठ करून उभे राहतात, कारण टपरी मागं दिसावी. मग तोंडं काळी. दिव्याकडं तोंड करून उभे राहा, आणि बरोबर दिव्याखाली नको, एक-दोन पावलं मागं. दिवा डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, चांगली माणसं आजारी दिसतात.

मुलं हलतात, त्याला इलाज नाही. तिथं आयएसओ वाढवून शटर एकपन्नासांशाला आणा. फोटो दाणेदार येईल. येऊ दे. दाणेदार फोटोत नातू ओळखू येतो, हललेल्या फोटोत नाही. एकपन्नासांश किंवा एकशंभरांशच का म्हणतो? आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतात. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. दुसरा कुठला वेग ठेवला तर फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. जत्रेत, मॉलमध्ये, सगळीकडं हा त्रास आहे.

जत्रेचं निघालं तर तेही बोलू, कारण तुमच्यातले बरेच जण दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला नाहीतर गावच्या जत्रेला जाणार. फोटोवाल्याला दोन्ही सारखंच. तिथला प्रकाश बहुतेक थांबणारा, फक्त फिरणारा. आकाशपाळण्याचे दिवे फिरतात, म्हणून शटर दोन ते चार सेकंद ठेवलं की प्रत्येक दिव्याची रेघ होते आणि पाळण्याचं चाक उमटतं. आयएसओ १००, एफ ८. तिपाई आत नेऊ देत नसतील तर कठड्यावर पिशवी ठेवा, पिशवीवर कॅमेरा, आणि तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलत नाही. फटाक्यांना तेच आकडे जवळपास चालतात, पण तो येऊन जाणारा प्रकाश. फार लांब शटर ठेवलं तर चार फटाके एकावर एक चढून पांढरा गोळा होतो.

आता पाळण्यासमोर मुलीला उभी करायची आहे. आणि इथं, फक्त इथं, फ्लॅश कामाला येतो. दोन जातींचे प्रकाश आठवा. फ्लॅश क्षणाचा, म्हणून मुलगी त्या क्षणात गोठते. शटर एक सेकंद उघडं, म्हणून मागचे दिवे भरपूर साठतात. कॅमेऱ्यात याला 'स्लो सिंक' म्हणतात. दोघांवर स्वतंत्र ताबा मिळाला: मुलगी किती उजळ हे फ्लॅश ठरवणार, पाळणा किती उजळ हे शटर. मोबाइलवाल्यांनी दुसऱ्याच्या फोनच्या टॉर्चवर पांढरा रुमाल धरून बाजूनं क्षणभर उजेड टाकावा. आमच्या कोल्हापुरात त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात, तिथं तर टॉर्चही नको. पणती खाली आणि पोर तिच्याजवळ बसवलं की झालं. पणतीचा उजेड खालून वर येतो, चेहऱ्यावर मऊ पडतो.

ब्रासाई नावाचा एक फोटोग्राफर होता, १९३० च्या सुमारास पॅरिसच्या रात्री टिपायचा. शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तो सिगारेटवर मोजायचा, अशी गोष्ट सांगतात. थोडा अंधार असेल तर एक ब्रँड, फार अंधार असेल तर जाड सिगारेटवाला दुसरा. तुम्ही मुलांना पाढे म्हणायला लावा. बेचा पाढा साधारण दहा सेकंदांत होतो.

(प्रश्न: रात्री गव्याचा फोटो मिळेल का? दाजीपूर जवळच आहे.)

हेच ते दुसरं कारण. नाही, दादा. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो, आणि अंधारात तो तुम्हाला दिसायच्या आधी तुम्ही त्याला कळलेले असता. हे अभयारण्य १९५८ सालापासून आहे ते त्याच्यासाठीच, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. रात्री त्याच्या घरात टॉर्च घेऊन शिरायचं नाही. गवा सकाळी, गाडीतून, नियमानं. रस्त्यावरच आडवा आला तर गाडी थांबवा, मोठे दिवे खाली करा, हॉर्न नको. जाऊ दे त्याला.

(प्रश्न: लेन्सवर वाफ येते.)

एसी गाडीतून थेट बाहेर काढला की येणारच, हवेत ओल आहे. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून पिशवी अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. पुसत बसू नका, पुसलं की पुन्हा धरते.

आणखी? नाही? मग ऐका. आता सव्वासहा झालेत. सूर्य सातच्या सुमारास मावळेल. ज्यांना झाडावर फोकस लावायचा आहे त्यांनी साडेसहाला तिपाई घेऊन माझ्याबरोबर चला. बाकीच्यांनी घरच्यांचा फोटो आटोपून, चहा घेऊन, पावणेआठला फाटकापाशी जमा. गाड्या इथंच राहतील, आपण चालत जाणार. पहिली वीस मिनिटं कुणीच फोटो काढणार नाही, मीसुद्धा. डोळे तयार झाले की मी सांगतो. लाल कागद त्या टेबलावर ठेवलाय, एकेक तुकडा घ्या. आणि तुमच्यातल्या त्या लहान बाईंना म्हणावं, झोप आली तर खांद्यावर घेऊ, पण गाडीत परत पाठवणार नाही.